सातव्या थराखाली

सोमवार, दिनांक २१ मार्च १९२७, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गावच्या विहिरीत अकरा फूट चार इंच पाणी होते. ओव्हरसियरने शिशाचे वजन बांधलेली फीत वर ओढली, ती जिथपर्यंत भिजली होती तिथे बोट ठेवून आकडा दोनदा वाचला आणि मगच वहीत उतरवला.

कठड्यावर बसलेल्या मामाने फितीकडे पाहिलेही नाही. तो विहिरीत डोकावला, ओठ हलवत काही मोजले आणि म्हणाला, "एकूण थर पस्तीस. वीस दिसताहेत. म्हणजे पाण्यात पंधरा."

"पंधरा आणि वर एक इंच, मामा. एक थर नऊ इंचांचा."

"इंच तुमच्या साहेबाला दे. माझ्या हिशेबात तो गळतीत जातो."

मामा विहिरींचा गवंडी. एकतीस वर्षांपूर्वी ही विहीर त्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने बांधली होती. या बाजूची जमीन भुसभुशीत, म्हणून आधी जड लाकडाचे गोल कडे जमिनीवर ठेवायचे, त्यावर दगडी थर चढवायचे आणि आतली माती उपसत सगळे कडे वजनानेच खाली उतरवत न्यायचे, अशी ती रीत. भाऊ पुढे वारला. बहीणही गेली, पण तिचा मुलगा शिकला, तांत्रिक महाविद्यालयातून पदविका घेऊन बाहेर पडला आणि रस्ते खात्यात ओव्हरसियर झाला. नोकरी अजून हंगामी होती. तरी मामाच्या लेखी तो जिल्ह्याचा कारभारच हाकत होता. म्हणूनच सरकारी रस्त्याच्या कामाला गावची एकुलती एक विहीर द्यावी की नाही, असा प्रश्न निघाला तेव्हा मामा सर्वांसमोर उठून म्हणाला होता, "माझा भाचा आहे. त्याच्या शब्दाला मी जामीन."

अट एकच होती. खालून सातव्या थराच्या खाली पाणी उतरू द्यायचे नाही. अट का, हे मामाला नीट सांगता येत नव्हते. "त्याखाली ओढलं की विहीर माती खाते," एवढेच तो म्हणे. त्याच्या बापाने त्याला तेवढेच सांगितले होते. ओव्हरसियरने अट वहीत लिहून घेतली. सात थर म्हणजे पाच फूट तीन इंच. त्या दिवशीच्या पाण्यात ती सहज पाळता येण्याजोगी होती, आणि सहज पाळता येणारा शब्द देताना माणसाचा हात सैल असतो.

रस्ता नऊ फर्लांगांचा, म्हणजे मैलाहून थोडा जास्त. मोठ्या सडकेपासून गावापर्यंत. त्याची खडी गावानेच फोडली होती, खुशीने नव्हे. सरकारी फर्मानाने प्रत्येक घराने वर्षाला तीस दिवस रस्त्याला द्यायचे होते, आणि दोन उन्हाळे गावाने ते उघड्यावर बसून, मांडीखाली पोते आणि हातात हातोडा घेऊन दिले होते. मुकादमाकडे अडीच इंची लोखंडी कडी असे. प्रत्येक खडा तिच्यातून पार झाला पाहिजे. अडकला की पुन्हा फोडायचा. या कामात मामीच्या डाव्या डोळ्यात दगडाची कपची गेली आणि तो डोळा कायमचा मिटला. तिच्या त्या दिवसाची हजेरी अर्धी धरली होती, कारण दुपारनंतर ती उठून गेली.

फोडलेली खडी नुसती पसरून रस्ता होत नाही. तिच्यावर मुरूम टाकून, भरपूर पाणी मारून, वाफेच्या रोलरने ती दाबावी लागते. तेव्हा ती एकमेकींत घट्ट बसते. दाबली नाही तर पहिल्या पावसात ओढ्याला जाते. एका फर्लांगाला नऊ हजार गॅलन पाणी लागते, शिवाय रोलरच्या बॉयलरचे वेगळे. विहिरीवर दोन माणसांचा हातपंप बसला. त्याने पाण्याच्या तीन बैलगाड्या भरायच्या, आणि त्या गाड्यांनी दिवसभर रस्त्यावर शिंपत फिरायचे. गावाने नेहमीप्रमाणे आपल्या घागरी भरायच्या.

काम रुळले. दिवसाला साधारण दोनशे फूट रस्ता बसू लागला. रोलरचा ड्रायव्हर भट्टीपुढे तापून इतका लालकाळा झालेला असे, की गावाने त्याला 'इंगळ', म्हणजे निखारा, असे नाव ठेवले. तोही ते ऐकून घेई आणि परतफेड म्हणून बायकांच्या घागरींजवळून जाताना मुद्दाम शिटी वाजवी.

"फुटेल की रे घागर, इंगळा!"

"फुटली तर रस्त्यावरच फोडा, मावशी. तेवढंच पाणी शिंपडलं जाईल."

परंतु पाणी रोज थोडे कमी चढू लागले. पहाटेची फीत अकरा फुटांवरून दहावर आली, दहावरून नऊवर. १४ एप्रिलला सात फूट नऊ इंच भरले. सहा फर्लांग झाले होते, तीन उरले होते. त्याच दिवशी मोठ्या साहेबाच्या कचेरीतून कागद आला: रोलर तीस तारखेला संध्याकाळी दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, मुदतवाढ नाही. ओव्हरसियरने कंदील न लावता, मावळत्या उजेडातच गणित मांडले. सातव्या थराची अट पाळली आणि गावाच्या घागरींसाठी रोज एक फूट पाणी सोडले, तर रोजचे पाणी निम्म्याहून खाली जाते. सोळा दिवसांत दोन फर्लांग होतील. तिसरा राहील, आणि तो नेमका गावाला लागून असलेला, आता कोरड्या पडलेल्या ओढ्याकडे उतरता फर्लांग.

तो मामाच्या घरी गेला. मामी चुलीपुढे होती. मामा दारात बसून करवतीचे दात घासत होता.

"एक फर्लांग राहतोय, मामा."

"राहू दे. नऊतले आठ झाले, आता काय सोन्याचा मुलामा देतोस?"

"त्यावरची खडी ओढ्यात जाईल. आणि गेली की कचेरी पुन्हा गावालाच फोडायला लावेल. तीस दिवस घरटी. नियम आहे."

करवतीचा आवाज थांबला. चुलीपुढून मामी बोलली, "पुन्हा?"

"हो, मामी."

"मग काढ पाणी. हवं तेवढं काढ."

"तू गप्प बस," मामा म्हणाला. "विहिरीतलं तुला काय कळतं?"

"खडीतलं कळतं ना. त्या फर्लांगात माझा एक डोळा आहे. दुसरा मी सरकारला देणार नाही. तुमच्या त्या सातव्या थराला विचारा, तो बसणार आहे का उन्हात हातोडा घेऊन?"

मामाने भाच्याकडे पाहिले. "तुझी विद्या काय म्हणते?"

विद्येला विचारायची ओव्हरसियरची तयारी झालेलीच होती. दुसऱ्या दिवशी त्याने प्रयोग केला, आणि तो नीटच केला. पाणी सातव्या थरापर्यंत उतरवून पंप थांबवला, घड्याळ लावले: पहिल्या तासात पाणी सात इंच चढले. मग चौथ्या थरापर्यंत उतरवले: पहिल्या तासात तेरा इंच. त्याने मामाला वही दाखवली, आकड्यांखाली दोन रेघा मारलेल्या.

"पाहिलंत? जितकं खाली ओढावं तितकी विहीर जास्त देते. बाहेरच्या पाण्याचा दाब आत येतो. पुस्तकात हेच आहे."

"देत नाही ती. ओकते."

"हा काही पुरावा झाला नाही, मामा."

"नाही झाला," मामा शांतपणे म्हणाला. "पुरावा माझ्याकडे नाही. तुझ्याकडे आहे. म्हणून तर भीती वाटते."

गावाची बैठक बसली. कुणी पुस्तकाच्या बाजूने बोलले नाही. सगळे हातोड्याच्या विरुद्ध बोलले. पुन्हा खडी फोडणे नको, यावर म्हातारेकोतारेही एक झाले. मामाने विरोध केला नाही. जामीन राहिलेला माणूस तो. आता भाच्याला खोटे पाडले तर आपणच खोटे पडतो, हे त्याला कळत होते, आणि ओव्हरसियरलाही ते कळत होते.

१६ एप्रिलपासून पाणी चौथ्या थरापर्यंत उतरू लागले. रोलर पुन्हा दिवसभर चालू लागला. तिसऱ्या दिवशी इंगळ एक टमरेल घेऊन आला. बॉयलरची जाळी धुतलेले पाणी त्यात होते, तळाशी बारीक, मैद्यासारखी वाळू.

"साहेब, रोलरला दगड खायला दिले तर पचवील. ही वाळू नाही पचवणार."

ओव्हरसियरने काचेची बरणी आणवली. गाडीतले पाणी तिच्यात भरून तासभर स्थिर ठेवले आणि तळाचा थर मोजला. पाव इंच. दुसऱ्या दिवशी तसेच केले: पाव इंचाला किंचित कमी. तिसऱ्या दिवशी त्याच्याही निम्मा. त्याच्या मनावरचे ओझे उतरले. महाविद्यालयात हेच शिकवले होते: नव्या विहिरीतून प्रथम बारीक वाळू निघते, मग जाड कण मागे राहून गाळणीसारखे बसतात आणि पाणी स्वच्छ होते. विहीर धुतली जाते. त्याने मामाला ते समजावून सांगितले, तेव्हा मामाने एकच प्रश्न विचारला.

"नवी विहीर म्हणालास?"

"हो."

"ही एकतीस वर्षांची आहे."

"चौथा थर तिला नवीनच आहे, मामा."

हे उत्तर त्याला त्या वेळी फार बिनतोड वाटले.

२३ तारखेला बरणीत वाळू जवळजवळ नव्हतीच. २४ तारखेला अर्धा इंच आली, आणि रंगाने पिवळी. इंगळाने या खेपेला थट्टा केली नाही. नुसती बरणी उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली.

दुपारी पंप थांबवून मामा विहिरीत उतरला. वय त्रेसष्ट, कमरेला दोर, दोराचे टोक मुकादमाच्या हातात. खाली तीन फूट पाणी होते. तो भिंतीला हात लावत गोल फिरला, मग श्वास रोखून बुडाला. पाण्यावर बुडबुडे आले. दोनदा वर आला, दोनदा पुन्हा गेला. वर ओढून घेतला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि उजवा हात खांद्यापर्यंत पिवळ्या चिखलाने माखला होता.

"पश्चिमेच्या अंगाला कड्याखाली हात घातला," तो म्हणाला. "खांद्यापर्यंत गेला. पुढे काही लागलं नाही."

ज्या वाळूवर कडे टेकले होते तीच वाळू आठ दिवस पंपातून रस्त्यावर शिंपडली जात होती, हे समजायला पदविका लागत नव्हती.

"किती राहिलंय काम?" मामाने विचारले.

"साडेतीनशे फूट. दोन दिवस."

"आज थांब."

ओव्हरसियरने रस्त्याकडे पाहिले. उतरत्या फर्लांगावर खडी पसरून तयार होती, मुरूमही पडला होता. साडेतीनशे फूट. त्याने कड्याखालच्या पोकळीचा अंदाज बांधला, भिंतीचे वजन काढले, चुन्याच्या जोडांची ताकद धरली. आणि प्रत्येक आकडा धरताना तो थोडासा आपल्या बाजूला कलला.

"दोन दिवस निघतील, मामा. पंप हळू चालवू. सहाव्या थरावर थांबू."

"विहिरीला तारीख कळत नाही रे बाबा."

"मला कळते. तीस तारखेला रोलर जाणार, आणि पुन्हा खडी तुम्हालाच फोडायची आहे. मला नाही."

मामाने ओला सदरा पिळला, खांद्यावर टाकला आणि घरी गेला. त्या दिवसापासून तो विहिरीकडे आला नाही.

ओव्हरसियरने मात्र एक खबरदारी घेतली. पंप चालू असताना गावातल्या कुणी कठड्याजवळ यायचे नाही. घागरी वीस पावलांवर गाडीजवळ भरून मिळतील, असे ठरवून मध्ये दोरी बांधली. म्हणूनच पुढे जे झाले त्यात कुणी मेले नाही.

२६ एप्रिलला सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पंपावरच्या माणसाला दांडा अचानक हलका लागला. त्याने आत पाहिले, जोडीदाराचा हात धरला आणि दोघे उलटे पळाले. पहिल्यांदा आवाज फारसा झालाच नाही. धान्याचे पोते सरकावे तशी घसर ऐकू आली. पश्चिमेची भिंत खाली बसली, तिचा आधार सुटताच उरलेले कडे वाकले, आणि मग पस्तीस थर एकामागून एक आत गेले. पंप गेला, नळी गेली, कठडा गेला. धूळ बसली तेव्हा तिथे एक रुंद खड्डा होता, आणि त्यात दगड, लाकूड आणि पिवळा चिखल. चिखल अजून हळूहळू खाली रुतत होता.

ओव्हरसियरने प्रथम माणसे मोजली. सगळी होती. त्यानंतर मोजायला काही नव्हते, म्हणून त्याने ती पुन्हा मोजली.

तिन्ही गाड्या भरलेल्या होत्या: बाराशे गॅलन. रस्त्यावर दोनशे दहा फूट बाकी होते, त्यातल्या निम्म्याहून जास्त भागावर पाणी मारून झाले होते. गाव जमला. बायका घागरी घेऊनच आल्या होत्या. इंगळ रोलरवरून उतरला, तेलाच्या चिंधीला हात पुसत राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, दाबायचं की पाजायचं? सांगा, मी तसं करतो."

ओव्हरसियरने मान फिरवली तर समोर मामी उभी होती.

"मला काय बघतोस? तू शिकलेला ना?"

"मामी, हे पाणी तुमचं आहे. प्यायला."

"किती दिवस पुरेल?"

"दोन. काटकसरीनं तीन."

"आणि चौथ्या दिवशी?" तिने उत्तराची वाट पाहिली नाही. गर्दीकडे वळून म्हणाली, "प्रत्येक घरानं दोन घागरी घ्या. जास्त नाही. उरलेलं रस्त्याला जाईल."

"वेड लागलं का हिला?" एक म्हातारा ओरडला.

"वेड नाही, भाऊजी. इथं आता राहायचं कसं? आणि जायचं तर त्या उतारावरच्या मोकळ्या खडीत भरलेली गाडी ओढून दाखवा. बैलांचे पाय मोडतील. निदान बाहेर पडायला तरी रस्ता धड असू दे."

घागरी भरल्या गेल्या. एकही जास्त नाही. उरलेले पाणी शिंपडले गेले आणि रोलर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या दोनशे दहा फुटांवरून मागेपुढे फिरत राहिला. खडी चांगली बसली. ओव्हरसियरने तिच्यावर टाच मारून पाहिली. खूण उमटली नाही.

पुढचे तीन दिवस गाड्या मोठ्या सडकेपलीकडून, सहा मैलांवरून पिण्याचे पाणी आणत राहिल्या. ओव्हरसियरने कचेरीला जे घडले ते सगळे कळवले, चौथ्या थराचा निर्णय आपला होता हेही, आणि एक पाण्याची गाडी गावासाठी ठेवावी अशी विनंती केली. उत्तर तीस तारखेला रोलर न्यायला आलेल्या माणसाबरोबरच आले. गाड्या रोलरच्या सरंजामात मोडतात, त्या पुढच्या कामावर लागतील. विहिरींचे खाते वेगळे आहे. गावाने विहित नमुन्यात, पावसाळ्यानंतर अर्ज करावा. रस्ता मुदतीत पूर्ण केल्याबद्दल समाधान. ओव्हरसियरने ५, ६ आणि ७ मे रोजी, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, नव्या रस्त्यावरील वाहतुकीची गणना करावी. माणसांचा आकडा शंभरावर गेल्यास रस्ता कायम दुरुस्तीच्या यादीत घेतला जाईल.

नवी विहीर उतरवायला किती वेळ लागेल, हे विचारायला तो मामाकडे गेला.

"माणसं मिळाली तर तीन महिने," मामा म्हणाला. "चुना कालवायला पाणी लागतं."

एवढेच. दूषण नाही, शिवी नाही. त्याने ती दिली असती तर भाच्याला उचलून घ्यायला काहीतरी मिळाले असते.

रोलरबरोबर पाण्याच्या गाड्या गेल्या; गावाने चार दिवस आपल्याच गाड्यांतून सहा मैलांवरून घागरी भरून आणल्या, मग बिऱ्हाडे बांधायला घेतली. ५ मे रोजी ओव्हरसियर रस्त्याच्या टोकाला, झाडाखाली, टेबल मांडून बसला. छापील तक्त्यात रकाने होते: पायी, बैलगाडी, मोटार, गुरे, आणि दोन दिशा, आत व बाहेर. पहिली गाडी सकाळी साडेसहाला दिसली. खाट, पेटी, दोन कोंबड्या आणि तीन माणसे. चाके अजिबात खडखडली नाहीत. ती माणसे त्याच्याकडे न पाहता गेली. काही जण पाहून गेले. ज्या म्हाताऱ्याने मामीला वेडी म्हटले होते तो गाडीतून वाकून म्हणाला, "रस्ता झकास झालाय, साहेब. एकदाही मागं वळून बघावं लागलं नाही," आणि खरेच वळला नाही.

मामा-मामी तिसऱ्या दिवशी शेवटी आले. गाडीवर हत्यारांची पेटी होती. मामी गाडीत, मामा पायी, बैलांच्या पुढे. तो टेबलाशी थांबला.

"मला कुठं लिहितोस? गाडीत की पायी?"

"पायी."

"आणि ही?"

"मामी गाडीत."

"लिही. नीट लिही. तुझं हस्ताक्षर चांगलं आहे, तुझ्या आईसारखं."

मामीने आपल्या एका डोळ्याने तक्त्याकडे पाहिले. "पाणी प्यालास का सकाळपासून?" तिने विचारले. त्याने मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही सांगता आले नसते. तिने गाडीतून तांब्या काढला, त्यातले अर्धे त्याच्या पेल्यात ओतले, आणि मामाने बैलांना हाक दिली.

सूर्यास्त सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी झाला. त्याने बेरीज केली, मग उलट्या क्रमाने ताळा घेतला. तीन दिवसांची एकूण वाहतूक: बाहेर – गाड्या बावीस, गुरे एक्क्याण्णव, माणसे एकशे त्रेपन्न; आत – शून्य.